एक पायरी वर

विषबाधा माहिती केंद्राच्या संचालकांना जगातल्या कुठल्याही विषापेक्षा तीन शब्दांची भीती जास्त वाटत असे: पान सापडले नाही.

त्याला कारण घडले होते. खात्याचे मोठे साहेब एकदा आपल्या खुर्चीत बसून केंद्राची जुनी वेबसाइट उघडायला गेले, पत्ता टाइप करताना बोट कुठेतरी भलतीकडे पडले आणि पडद्यावर हे तीन शब्द आले. साहेबांना आयुष्यात कोणी इतक्या थोडक्यात नाही म्हटले नव्हते. त्यांनी संचालकांना फोन केला. बोलणे काय झाले ते कोणाला कळले नाही, पण त्यानंतर बरेच दिवस संचालक जिन्याने येत-जात होते, न जाणो लिफ्टमध्ये कोणी भेटले तर.

नवी साइट बांधायचे ठरले तेव्हा त्यांनी प्रोग्रामरला केबिनमध्ये बोलावून घेतले.

"आपल्या दारात आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जाता कामा नये. कळलं?"

"पण सर, आपल्याकडे माहितीच नसेल तर?"

"तर जी असेल ती द्या. माहिती ही माहिती असते."

प्रोग्रामर चाळिशी ओलांडलेला, अंगाने किरकोळ आणि स्वभावाने काळजीखोर माणूस होता. आपण हे करावे का, असा प्रश्न त्याला पडला, आणि तो त्याने एकदा विचारलाही. मग हे कसे करता येईल, असा दुसरा प्रश्न पडला, आणि त्या धंद्यातल्या माणसांचे जे होते तेच त्याचे झाले. दुसऱ्या प्रश्नाची गोडी लागली आणि पहिला प्रश्न घरी निघून गेला.

जुन्या साइटवर प्रत्येक पदार्थाचे पान हाताने बनवलेले होते. फिनाईलचे पान निळे होते, झुरळाच्या औषधाचे गुलाबी, कारण ते बनवणाऱ्याला त्या दिवशी गुलाबी बरे वाटले होते. नव्या साइटवर पाने अशी नव्हतीच. होता एक साचा. कोणी 'वनस्पती, बाग, गुलाब' असा तिरप्या रेघांनी तोडलेला पत्ता मागितला की साइट ते तुकडे वाचायची, शेवटच्या नावाची माहिती साठ्यातून उचलायची, साच्यात ओतायची आणि गरम गरम पान समोर ठेवायची. पदार्थ कितीही वाढू देत, साचा एकच. आणि ते नाव साठ्यात नसेलच, तर शेवटचा तुकडा गाळून साइट एक पायरी वर जायची. गुलाब नसेल तर बागेचे पान. बाग नसेल तर वनस्पतींचे. तेही नसेल तर थेट मुखपृष्ठ, संचालकांच्या फोटोसह.

संचालकांनी स्वतः बसून तासभर वाटेल ती अक्षरे बडवून पाहिली. दर वेळी काही ना काही उघडले. "याला म्हणतात आदरातिथ्य," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला होता.

आता जुनी माहिती नव्या साठ्यात हलवायची होती. ती हलवण्याआधी केंद्रातल्या वरिष्ठ डॉक्टरबाई शब्द न् शब्द तपासत. ज्याने काही होत नाही असे पदार्थ त्यांनी भराभर हातावेगळे केले: खडू, मेणबत्ती, गुलाब, पाटीवरची पेन्सिल. ज्याने माणूस जाऊ शकतो ते त्यांनी मागे ठेवले, कारण तिथे एक शब्द इकडचा तिकडे झालेला त्यांना खपत नसे. त्या पानांवर त्या अजून बसल्या होत्या. हे अगदी शहाणपणाचे होते. पायऱ्यांचा नियमही आपल्या जागी हुशारीचा होता. डॉक्टरबाईंना तो नियम माहीत नव्हता आणि कोणती पाने मागे आहेत हे प्रोग्रामरला माहीत नव्हते. दोघांची टेबले एकाच भिंतीला लागून होती, फक्त भिंतीच्या दोन बाजूंना.

उद्घाटन सकाळी होते. मोठे साहेबच प्रमुख पाहुणे होते. रिकाम्या खुर्च्या दिसू नयेत म्हणून सगळ्या कर्मचाऱ्यांना सभागृहात बसवले होते, त्यात चोवीस तास चालणाऱ्या मदत-फोनवरची माणसेही आली. तेवढ्या वेळापुरता फोनवर एक गोड आवाज लावून ठेवला होता: आमचे सर्व तज्ज्ञ व्यस्त आहेत, कृपया आमच्या नव्या वेबसाइटला भेट द्या. तज्ज्ञ तिसऱ्या रांगेत बसून पाण्याच्या बाटल्यांची झाकणे उघडत होते.

प्रोग्रामर मंचाच्या बाजूला एका छोट्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसला होता. लॅपटॉपवर जे दिसे तेच मागच्या मोठ्या पडद्यावर दिसे, म्हणून त्याला नाक खाजवायचीसुद्धा चोरी वाटत होती. संचालकांचे प्रास्ताविक सुरू होऊन रंगात आले आणि त्याच्या खिशातला फोन थरथरला. मेहुणा. बायको कामानिमित्त परगावी गेली होती, पाळणाघराला सुट्टी होती, म्हणून चार वर्षांच्या मुलीला, ठकीला, सांभाळायला मेहुणा कालपासून घरी आला होता. प्रोग्रामर टेबलाखाली वाकला.

"काय झालं?"

"काही नाही हो भाऊजी. सांगायला फोन केला. आधी घाबरायचं नाही असं वचन द्या."

"काय झालं?"

"ठकीनं खाली बागेत दुकान दुकान खेळताना पानं खाल्ली. भाजी म्हणून. त्या कुंपणाच्या झाडाची. गुलाबी फुलं असतात बघा, लांब लांब पानं. वॉचमन म्हणाला कण्हेर."

प्रोग्रामरचे डोके टेबलाच्या खालच्या फळीवर आपटले.

"किती खाल्ली?"

"ते ती कशाला सांगतेय. गिऱ्हाईक कोणी नव्हतं म्हणून स्वतःच संपवली म्हणते. एकदा ओकलीय थोडीशी. पण मी लगेच तुमच्या केंद्राला फोन लावला. तिथली बाई म्हणाली साइट बघा. साइट बघितली. काही नाही, मस्त लिहिलंय. वाचू?"

"वाच."

"'बागेतील बहुतेक झाडे निरुपद्रवी असतात. मुलाचे तोंड स्वच्छ करावे, घोटभर पाणी द्यावे व निर्धास्त राहावे.' निर्धास्त राहावे! बाकी कुणी असं लिहितं का हो सरकारी साइटवर? तोंड धुतलं, पाणी दिलं. आता निर्धास्त राहतोय."

"वर पत्ता काय दिसतोय? पानाच्या वर, बारीक अक्षरात?"

"वनस्पती... रेघ... बाग... रेघ... कण्हेर."

"आणि पानाचं शीर्षक?"

"'बागेतील झाडे'."

प्रोग्रामरला सगळे कळले, आणि कळायला त्याला काहीच वेळ लागला नाही, कारण हे त्यानेच घडवले होते. कण्हेर मागितली. कण्हेर नव्हती. साइट एक पायरी वर गेली. तिने हात जोडून जे होते ते दिले.

"ते पान कण्हेरीचं नाही. तिला उचल आणि हॉस्पिटलला ने. कोपऱ्यावरच्या. आत्ता."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "झालं सुरू. संत्र्याची बी गिळली तेव्हाही तुम्ही तिला अर्ध्या कपड्यांत इमर्जन्सीत नेलं होतं. अजून ओळखतात ते आम्हाला तिथे."

"हे बी नाही! कण्हेरीनं हृदय बंद पडतं!"

"भाऊजी, तुमची साइट म्हणते निर्धास्त राहा आणि तुम्ही म्हणता पळा. मी ऐकू कुणाचं? साइट तज्ज्ञांनी लिहिलीय, तुम्ही नाही. राग मानू नका."

"साइट मी लिहिलीय!"

"तेच म्हणतोय, स्वतःच्या साइटवर विश्वास नाही तुमचा. तायडीनं जाताना सांगूनच ठेवलंय, ते घाबरले की आधी मला विचार म्हणून. थांबा, तिलाच विचारतो."

"विचारू नकोस, ऊठ!"

मेहुण्याने फोन ठेवला होता. प्रोग्रामरने पुन्हा लावला. व्यस्त. बायकोला लावला. व्यस्त, म्हणजे दोघे एकमेकांशीच बोलत होते. दोघांना मेसेज टाकला. मेहुण्याने पाहिला नाही. बायको पाहील याची खात्री नव्हती, कारण गॅस बंद केला का, कुलूप ओढून पाहिलं का, असल्या संदेशांना कंटाळून तिने त्याच्या मेसेजचा आवाज केव्हाच बंद करून टाकला होता. शेजारच्या काकूंचा फोन नुसता वाजत राहिला. घर शहराच्या दुसऱ्या टोकाला होते.

तो ओणवाच पहिल्या रांगेपर्यंत गेला. डॉक्टरबाई तिथे पाठ ताठ करून बसल्या होत्या.

"मॅडम, कण्हेर."

"ते पान अजून माझ्याकडे आहे. उद्घाटनात कसलं काम काढता?"

"पान नाही. माझ्या मुलीनं खाल्लीय."

त्यांनी मान वळवली. "वय? पानं की फूल? किती? कधी?"

"चार वर्षं. पानं. माहीत नाही. आत्ताच. एकदा ओकलीय."

"रुग्णालयात. लगेच. मुद्दाम उलटी काढायची नाही, घरचे उपाय नाहीत. काय बसलात असे?"

"नेत नाहीत. आपली साइट सांगतेय काही होत नाही." आणि त्याने पायऱ्यांचा नियम सांगितला. डॉक्टरबाईंचा चेहरा आधी रागाने लाल झाला आणि मग हळूहळू पांढरा होत गेला.

"माझ्याकडे मागे काय काय राहिलंय माहीत आहे?" त्या अगदी हळू म्हणाल्या. "कण्हेर. धोतरा. उंदराचं औषध. शेतातली फवारणी. जे जे मारतं ते सगळं."

"म्हणजे त्या प्रत्येकाचं..."

"प्रत्येकाचं वरचं पान मीच तपासलंय. 'घरातील बहुतेक पदार्थ निरुपद्रवी असतात.' वाक्य बरोबर आहे हो. बहुतेक असतातच." त्यांनी त्याच्या हातातून फोन घेऊन मेहुण्याचा नंबर स्वतःच्या फोनवर लावला. व्यस्त. "हा माणूस ऐकणार कुणाचं?"

"साइटचं."

"मग साइटला बोलायला लावा."

"त्यानं उघडून ठेवलेलं पान मला बदलता येत नाही. कोणी नव्यानं उघडलं तरच बदललेलं दिसेल." आणि हे बोलत असतानाच त्याला मेहुणा डोळ्यांसमोर दिसला. हा माणूस आपले बरोबर आहे एवढ्यावर कधी थांबला नव्हता. त्याला पुरावा दाखवायचा असे. "तो बायकोला लिंक पाठवेल. माझी जिरवायला. ती उघडेल."

"केव्हा?"

"बोलून झालं की."

तो धावत टेबलाशी आला. धावणारा माणूस पाहून सभागृहात किंचित खसखस पिकली. नियम एका ओळीत होता. ती ओळ काढायची, तिच्या जागी दुसरी घालायची आणि साइट बंद करून पुन्हा सुरू करायची. तेवढ्या वेळात पडदा कोरा दिसणार होता. त्याने फाइल उघडली आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर, संचालकांच्या फोटोच्या जागी, काळ्या पार्श्वभूमीवर हिरवी अक्षरे उमटली. साहेबांनी चष्मा लावला.

"आणि आता," संचालक माइकवर म्हणाले, मागे वळले, आणि माइकवर हात ठेवून खाली वाकले. "काय चाललंय हे?"

"सर, नियम काढतोय. तो वरच्या पायरीचा."

"आत्ता? साहेबांच्या हातात माउस द्यायचाय आत्ता!"

"माझी मुलगी विष खाऊन बसलीय आणि आपली साइट तिच्या मामाला निर्धास्त राहा म्हणतेय."

संचालक माणूस वाईट नव्हते. त्यांचे तोंड उघडे राहिले, डोळ्यांत खरीच कळवळ आली, आणि त्या कळवळीतूनच ते म्हणाले, "अरेरे. मग तुम्ही निघा ना ताबडतोब. साइटला हात लावू नका, तुम्ही निघा."

"मी पोहोचेपर्यंत उशीर होईल."

"पण 'सापडले नाही' येणार का पडद्यावर? साहेबांसमोर? अहो, कार्यक्रम होऊ द्या, मग हवं ते..."

"सर," डॉक्टरबाई मागून म्हणाल्या, "जरा बाजूला व्हा, तुमची सावली पडतेय कीबोर्डवर." त्या टेबलाच्या आणि संचालकांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. त्या चांगल्या रुंद होत्या. मग तिथूनच, माइकची गरज नसलेल्या आवाजात तिसऱ्या रांगेला म्हणाल्या, "फोनवाले, उठा सगळे. वर जाऊन तो रेकॉर्ड बंद करा आणि फोन उचला. हो, आत्ता. बाटल्या ठेवा खाली."

तिसरी रांग उठली. सभागृह एकदम अर्धे रिकामे दिसू लागले.

प्रोग्रामर एका ओळीत तीनदा चुकला. जुना नियम गेला. आता त्या जागी काय म्हणायचे ते हवे होते, आणि आयुष्यभर पत्ते लिहिणाऱ्या त्या माणसाला एक वाक्य सुचेना.

"मॅडम, सांगा."

"लिहा. याविषयी आमच्याकडे माहिती नाही." डॉक्टरबाई म्हणाल्या. ज्या बाईला एक शब्द तपासायला दुपार लागे, ती बाई न थांबता पुढे बोलत गेली. "म्हणून ते निरुपद्रवी आहे असे समजू नका. उलटी काढू नका. वाट पाहू नका. रुग्णालयात जा. झालं. टाका."

त्याने साइट बंद केली. पडदा पांढरा झाला. सभागृहात लोक एकमेकांकडे बघू लागले. संचालकांनी टाळ्या सुरू केल्या, कोणीतरी साथ दिली, आणि त्या टाळ्या काहीच घडत नसल्यामुळे चालतच राहिल्या. प्रोग्रामर पांढऱ्या पडद्याकडे बघत होता. तिकडे आत्ता बायकोने लिंक उघडली तर तिलाही असेच पांढरे दिसणार. मग ती काय करेल? साइट बंद दिसतेय, तू वाचलंस ना, मग ठीक आहे, असे म्हणेल. म्हणेलच.

मुखपृष्ठ आले.

"साहेबांना विनंती," संचालक जवळजवळ ओरडलेच, "की त्यांनी कोणत्याही पदार्थाचं नाव टाकावं." साहेबांनी काय टाकायचे हे आधीच ठरले होते, खडू. तसा कागदही त्यांच्या पुढ्यात ठेवला होता. पण एवढ्या टाळ्यांनंतर साहेबांना खेळकर वाटू लागले होते. त्यांनी मिश्कील हसून स्वतःचे आडनाव टाइप केले.

पडद्यावर हातभर उंचीची अक्षरे आली. याविषयी आमच्याकडे माहिती नाही. म्हणून ते निरुपद्रवी आहे असे समजू नका.

सभागृहात टाचणी पडली असती तरी तिने माफी मागितली असती. संचालक खुर्चीवर बसले. खुर्ची तिथे होती हे नशीब. साहेबांनी ते वाक्य पुन्हा वाचले, चष्मा काढला आणि शेजारच्याला विचारले, "हे कोणी सांगितलं यांना?"

प्रोग्रामरने यातले काहीही पाहिले नाही. फोन थरथरत होता. बायको.

"अरे, काय चाललंय तुमचं?" तिचा आवाज चढलेला होता. "हा मला म्हणतो साइटवर लिहिलंय काही होत नाही, भाऊजी उगाच तमाशा करतायत, लिंक बघ. पहिल्यांदा कोरंच काहीतरी आलं. म्हटलं नेट गेलं. पुन्हा दाबलं तर लिहिलंय रुग्णालयात जा! मी त्याला म्हटलं, मेल्या, तुला वाचता येतं का?"

"निघाले का?"

"तिला उचलून धावतोय तो. फोन चालूच ठेवायला सांगितलाय, दुसऱ्या फोनवर आहे माझ्या, धापा ऐकू येतायत." मग ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, "ठकी काही बोलत नाहीये रे. तिला गाणं म्हण म्हटलं, म्हणत नाहीये."

तो निघाला तेव्हा डॉक्टरबाई सोबत आल्या. टॅक्सीत त्यांनी कोपऱ्यावरच्या रुग्णालयाला फोन करून काय खाल्ले आहे, काय तयार ठेवायचे, हे सांगितले. प्रत्येक सिग्नलला त्या आपल्या बोटांनी आपल्याच मनगटावरची नाडी बघत होत्या.

ठकी पलंगावर होती. छातीवर गोल चिकटपट्ट्या, त्यांतून निघालेल्या वायरी, आणि बाजूच्या यंत्रावर एक हिरवी रेघ. रेघ उड्या मारत होती, पण मध्येच एक उडी चुकवत होती, लंगडी खेळताना दमलेल्या पोरासारखी. डॉक्टरबाई त्या रेघेकडे बघत राहिल्या.

मेहुणा भिंतीला टेकून उभा होता. एका पायात त्याची चप्पल होती, दुसऱ्या पायात घरात घालायची.

"भाऊजी, आधी तिथे वेगळं होतं हो. शप्पथ. निर्धास्त राहावे असंच होतं."

"होतं."

"मी खोटं नाही बोललो."

"नाही. तू वाचलंस ते मीच साइटला दाखवायला लावलं होतं."

मेहुण्याला ते कळले नाही, आणि प्रोग्रामरने समजावले नाही. ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर आला, रेघ पाहिली, औषधाची गती बदलली, पुन्हा पाहिली. बराच वेळ तिथेच उभा राहिला. उन्हाचा पट्टा खिडकीतून फरशीवर आला आणि पलंगाच्या पायापर्यंत सरकला. रेघ एकदा नीट चालली. मग आणखी एकदा. मग तिने उडी चुकवायची सोडूनच दिली.

"रात्रभर ठेवू," डॉक्टर म्हणाला. "पण वेळेवर आणलंत. उशिरा आणतात लोक, झाडाची पानं ती, त्यानं काय होणार म्हणून. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"साइटवर लिहिलं होतं," मेहुणा म्हणाला.

डॉक्टरबाईंनी प्रोग्रामरकडे पाहिले. प्रोग्रामरने ठकीचा पाय धरून ठेवला होता. पाय गरम होता. तिने डोळे उघडले, वायरींकडे पाहिले, बापाकडे पाहिले आणि बारीक आवाजात विचारले, "बाबा, तू भाजी घ्यायला आलास?"

"हो," तो म्हणाला. "सगळी घेतली. आता दुकान बंद कर."